यादीत नाव नाही!

सन २०२३ च्या जुलै महिन्याची १९ तारीख. खालापूर तालुक्यात चौक गावाच्या माथ्यावर इरशाळगडाच्या उतरणीस ठाकर समाजाची इरशाळवाडी वसलेली होती. दिवसभराच्या कष्टाने थकलेली माणसे जेवूनखाऊन निजली होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. रात्री डोंगराचा भाग सुटून खाली आला, आणि घरेदारे, गुरेवासरे, लेकरेबाळे त्याच्या पोटात गडप झाली. वर यंत्र न्यावयास रस्ता नव्हता. कुदळ-फावड्यांनी आणि उघड्या हातांनी चिखल उपसावा लागला. चार दिवसांनी, २३ जुलैस, शोध थांबविण्यात आला. २७ प्रेते हाती लागली होती. उरलेली ५७ माणसे मातीखालीच राहिली व त्यांस मृत धरण्यात आले. एका रात्रीत ८४ जीव!

यानंतर जे व्हावयाचे ते सर्व यथासांग झाले. मोटारी आल्या, मंत्री चिखल तुडवीत वर गेले, मदत जाहीर झाली. वाचलेल्या माणसांस आधी पत्र्याच्या खोल्यांत ठेवले व पुढे सिडकोमार्फत त्यांच्यासाठी पक्की घरे बांधण्यात आली. जे चांगले झाले त्यास चांगलेच म्हटले पाहिजे. परंतु 'या माणसांस पावसाआधी खाली का आणले नाही?' या प्रश्नास सरकारातून जे उत्तर मिळाले ते असे, की इरशाळवाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती.

आमच्या वाचकांनी या उत्तरापाशी घटकाभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. हे उत्तर खोटे नाही. वाडीचे नाव यादीत खरोखरच नव्हते, आणि म्हणूनच ते उत्तर भयंकर आहे. यादी पाहून सरकार हलते. डोंगर काही यादी पाहून हलत नाही! जिचे नाव कागदावर नाही ती वाडी सरकारच्या हिशेबी सुरक्षित ठरली, आणि तिच्यातली माणसे त्या सुरक्षितपणातच मेली.

बरे, हा प्रकार काही अंधारातून अकस्मात आला होता काय? २००५ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, जुई व दासगाव येथे दरडी कोसळल्या होत्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये गावी ८० हून अधिक माणसे गेली. चारही वेळा महिना जुलैचा, डोंगर सह्याद्रीचा, आणि गाडली गेलेली वस्ती कष्टकऱ्यांची. प्रत्येक वेळी पाहणी झाली, प्रत्येक वेळी याद्या लांबल्या. पण पुढची दरड यादीबाहेरच्या वाडीवर पडावयाची ती पडलीच. बैल गेला आणि झोपा केला, असे आपल्यात म्हणतात. येथे तर एका गोठ्यातला बैल गेला म्हणून त्याच गोठ्यास झोपा बसविला आणि शेजारचा गोठा तसाच उघडा ठेवला!

आता यादी तयार तरी कशी होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. सरकार म्हणजे कोणी सर्वसाक्षी देव नव्हे. त्याचे डोळे म्हणजे तलाठ्याचा पंचनामा, मंडळाच्या ठिकाणचा पर्जन्यमापक, शाळेचा पट, दवाखान्यातील नोंदवही आणि भूगर्भवाल्यांचा नकाशा. हे डोळे जेथवर पोहोचतात तेथवर सरकारास दिसते. त्यापलीकडे सारा काळोख. देशभरच्या दरडींचा जो नकाशा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या खात्याने करावयास घेतला, त्याचे प्रमाण पन्नास हजारास एक असे आहे. म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर कागदावर एक सेंटिमीटर होतात. शंभर मीटरांत वसलेली एखादी वाडी त्या नकाशात दोन मिलिमीटरांची होते, म्हणजे भाताच्या दाण्याहूनही लहान. असा नकाशा निरुपयोगी असतो असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या डोंगराकडे आधी जावे हे त्यावरून कळते. पण कोणत्या घरामागची जमीन फाटली आहे, कोणत्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे, कोणती झाडे गेल्या पावसापासून कलली आहेत, हे त्यावरून कळत नाही. ते कळते वाडीतल्या म्हातारीला, आणि तिला विचारावयास मात्र कोणी जात नाही!

पावसाचेही तसेच आहे. आपल्या शेतकऱ्यास हा अनुभव दरसाल येतो. सरकारी हिशेबात अतिवृष्टी झाली असे तेव्हाच ठरते, जेव्हा महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद होते. माथेरानच्या डोंगरावर जितका पाऊस पडतो तितकाच नेरळच्या बाजारात पडत नाही, हे बाजारात करवंदे विकावयास उतरणारी बाईसुद्धा सांगेल. तरी मापक जेथे बसला असेल तेथलाच पाऊस खरा आणि डोंगराच्या कुशीत पडलेला पाऊस जणू पडलाच नाही, असा हा न्याय! आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच जागेचा असतो.

आणि कधी तो दुसऱ्याच दिवसाचा असतो. आम्ही पेशाने मास्तर, म्हणून आमच्या हजेरीपटातलेच उदाहरण देतो. शाळेस किती शिक्षक द्यावयाचे हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरविण्याची रीत आहे. त्या दिवशी कातकरी मुले वर्गात असतात, कारण पाऊस पुरता सरलेला नसतो. दिवाळी आटोपली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळसा पाडावयास जातात, आणि लेकरे पाठीशी बांधून नेतात. परत येतात ती पावसाच्या तोंडाशी. सप्टेंबरचा आकडा खरा आणि फेब्रुवारीतला रिकामा वर्गही खरा. परंतु सरकारच्या कागदात सप्टेंबरच तेवढा जातो. मग वर बसलेल्या साहेबांस वाटते, सगळी मुले शाळेत आहेत, काळजीचे कारण नाही! २०२३ साली २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारने पुढे आणला. त्याची बरीवाईट चर्चा पुष्कळ झाली. आमचे म्हणणे एवढेच, की नकाशावर दोन वाड्यांमध्ये जे अंतर दिसते त्यात पावसाळ्यातला ओढा दिसत नाही. सात वर्षांच्या पोरीने तो ओढा ओलांडून पाहावा, की हुकूम काढणाराने आधी ओलांडून पाहावा?

गवंडी ओळंब्यावाचून भिंत चढवीत नाही. सुतार गुण्यावाचून चौकट ठोकत नाही. भिंत कललीच तर धनी त्याची मजुरी कापून घेतो. मग ज्यांच्या एका सहीने हजारो घरांचे बरेवाईट व्हावयाचे, त्यांनीच काय ते नजरेच्या अंदाजाने काम करावे? पुरावा हा राज्यकारभाराचा ओळंबा आहे. तो धरल्यावाचून घेतलेला निर्णय सरळ आला तरी दैवाने, आणि वाकडा आला तर भोगावयाचे आपण.

येथे कोणी म्हणेल, मोजणे-नोंदणे हे शिकल्यासवरल्यांचे काम. आम्हा कुळवाड्यांस, सुतार-लोहारांस, ठाकर-कातकऱ्यांस ते कसे साधणार? बाप हो, ही चळवळच मोजण्यातून उभी राहिली आहे! १८८२ साली हंटर साहेबाच्या शिक्षण कमिशनापुढे जोतीराव फुले यांनी लेखी साक्ष दिली. सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी कमिशनाच्या तोंडावर मांडले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा आणि मास्तर शेतकरी वर्गातून घ्या, अशी त्यांची मागणी होती. १८४८ पासून शाळा काढून, चालवून, त्यांच्या खस्ता खाऊन जे पाहिले ते त्यांनी सांगितले; ती काही ऐकीव गोष्ट नव्हती.

पुढे कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांच्या हाती १८९४ साली कारभार आला. त्या वेळी दरबारच्या मुलकी कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण जातीच्या हाती होत्या. 'मागासलेल्यांवर अन्याय होतो हो!' अशी नुसती ओरड करून हे दिसले नसते. जागा मोजल्या तेव्हा ते दिसले, आणि एकदा दिसल्यावर कोणास नाकारता येईना. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम काढला. त्या हुकुमाच्या पाठीशी ७१ आणि ६० हे दोन आकडे उभे होते, हे विसरू नये.

ही झाली थोरांची गोष्ट. आता अगदी आपल्यासारख्यांची सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. तेथे तान्ही मुले पटापट दगावत. सरकारी वहीत त्यांतली कितीतरी मुले जन्मलीही नव्हती आणि मेलीही नव्हती! तेव्हा आधी प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू गावोगाव मोजण्यास सुरुवात झाली. मग थोडेफार शिकलेल्या गावच्याच बायांस शिकवून तयार केले. बाळाचे वजन कसे करावे, त्यास ऊब कशी द्यावी, अंगावर कसे पाजावे, रक्तात जंतू शिरल्याची खूण कोणती, औषधाची सुई कशी टोचावी, हे त्या शिकल्या. ३९ गावांत ही व्यवस्था केली, आणि पलीकडच्या ४७ गावांत जुनीच रीत चालू असता तेथल्याही नोंदी ठेवल्या. तिसऱ्या वर्षी ताडून पाहिले, तो त्या ३९ गावांत तुलनेने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. १९९९ साली विलायतेतील 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने हा निकाल छापला.

पुढे २००१ साली तेरा संस्थांनी मिळून महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोजणी 'कोवळी पानगळ' या अहवालात मांडली. प्रत्यक्षात मरणारी मुले आणि सरकारी वहीतील मुले यांत केवढी तफावत आहे, हे तीत उघड झाले. सरकारास बालमृत्यूंची समिती नेमणे भाग पडले, आणि २०११ साली आशा ताईने घरोघर जाऊन नवजात बाळ तपासावे अशी योजना देशभर निघाली. आज कर्जतच्या एखाद्या वाडीत आशा ताई झोळीचा काटा घेऊन बाळंतिणीच्या दारात उभी राहते, त्यामागे गडचिरोलीच्या त्या गावच्या बायांची वही आहे. अडाण्यांचे मोजमाप कोण मानतो, असे म्हणणारांनी याचे उत्तर द्यावे.

तथापि एक कडू सत्यही सांगितले पाहिजे. नुसता पुरावा दिला म्हणजे न्याय मिळतो, असे नाही. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेले सक्तीचे शिक्षण सबंध देशातील ६ ते १४ वर्षांच्या मुलांस कायद्याने हक्काचे झाले ते १ एप्रिल २०१० पासून. मध्ये सव्वाशे वर्षे लोटली आणि किती पिढ्या अंगठा उठवीत गेल्या! साक्ष खरी होती, पण ऐकणाराची इच्छा नव्हती, आणि ऐकावयास लावील इतका रेटा रयतेच्या अंगी नव्हता. सबब पुरावा आणि एकजूट ही एकाच गाडीची दोन चाके होत. पुराव्यावाचून एकजुटीची आरोळी होते, आणि एकजुटीवाचून पुराव्याची रद्दी.

दुसरे कडू सत्य आमच्या स्वतःच्या लोकांविषयी आहे. मोजणीदार दिसला की आपण दार लोटून घेतो, कारण मोजणी आली की मागून सारावाढ येते, ही पिढ्यानपिढ्यांची धास्ती आहे. ती निराधार नव्हती हे आम्हांस ठाऊक आहे. पण आज वाडीची माणसे कमी मोजली गेली तर तोटा वाडीचाच होतो. शिवाय दारिद्र्याच्या यादीत माडीवाला आपले नाव घुसवतो आणि शेजारची कातकरीण बाहेर राहते, तेव्हा गाव मूग गिळून बसते. हा दोष सरकारचा नव्हे. एका बिघ्याचे नुकसान दोन बिघे लिहून घेतले की पुढल्या वर्षी खऱ्या नुकसानासही कोणी खरे मानीत नाही. १९३१ नंतर या देशातील जातवार लोकसंख्येचे पुरे आकडे कधी छापून बाहेर आले नाहीत. २०२५ साली केंद्र सरकारने पुढील जनगणनेत जात मोजण्याचे ठरविले आहे. तो मोजणीदार दारी येईल तेव्हा त्यास खरे तेच सांगावे. खोटा आकडा शत्रूने दिला तर तो पकडता येतो. आपणच दिला तर तो आपल्याच गळ्यास फास होतो.

सरकारपाशी आमचे मागणे थोडके आहे. धोक्याच्या गावांची यादी दरसाल मे महिन्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावावी, आणि अमुक वाडी यादीत का आहे याबरोबर अमुक वाडी का नाही, याचेही कारण लिहावे. पाहणी करणाराने वाडीपर्यंत पायी जावे, तेथल्या दोन वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन डोंगर पाहावा, आणि त्यांचे म्हणणे कागदावर घ्यावे. नवी योजना काढावयाची असेल तर गडचिरोलीप्रमाणे आधी काही गावांत करून पाहावी, शेजारच्या गावांशी ताडावी, आणि फसली तर फसली असे छापावे. मात्र पुराव्याच्या नावाखाली दिरंगाई नको. जमिनीस भेग पडली आहे अशी वर्दी वाडीने दिली, तर आधी माणसे खाली आणावी आणि मग खुशाल अभ्यास करावा. शंकेचा फायदा डोंगरास न देता माणसास द्यावा.

आणि आपण काय करावे? प्रत्येक वाडीने एक वही घालावी. सरळ कडांचा एक डबा उघड्या अंगणात, झाडापासून व वळचणीपासून दूर, पक्का बसवून ठेवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातले पाणी शाळेच्या पट्टीने मोजावे आणि तारखेसह लिहून डबा रिता करावा. जितके मिलिमीटर पाणी उभे, तितका पाऊस. चौथीतला मुलगा हे काम करील, आणि मास्तराने त्यावर नजर ठेवावी. त्याच वहीत जमिनीच्या भेगा, कललेली झाडे, गढूळलेले झरे, वाडीतले जन्म, मृत्यू, तान्ह्या मुलांची वजने आणि महिनेवार शाळेत गेलेली मुले यांची नोंद असावी. ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि इतिवृत्तात तिची नोंद घ्यावयास लावावी. कायद्याने वर्षातून चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात. आपली वाडी यादीत आहे की नाही, नसल्यास का नाही, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून विचारता येते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

वहीने डोंगर थांबणार नाही, हे आम्हांसही कळते. पण ज्या वाडीने पाऊस मोजून, भेग नोंदवून, सह्या-अंगठ्यांनिशी तालुक्याच्या कचेरीत अर्ज पोहोचवला आणि त्याची पोच घेतली, त्या वाडीविषयी 'यादीत नाव नव्हते' असे म्हणण्याची सोय पुढे कोणासही राहणार नाही. इरशाळवाडीच्या ८४ जणांस ही संधी मिळाली नाही. कर्जत-खालापुरात डोंगराच्या पायथ्याशी आणि उतरणीस आजही कितीतरी वाड्या नांदत आहेत. त्यांनी येत्या पावसाआधी डबा बसवावा आणि वहीचे पहिले पान लिहावे.